मे महिन्यातलं रक्त

गेल्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो नागपूरला डॉक्टर आहे, आईबाबा आता त्याच्याकडेच असतात. म्हणाला, "ताई, मलेरिया संपत आलाय. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारताला बाहेर काढलं. २०३० पर्यंत देश मलेरियामुक्त करायचं ठरलंय. आणि हे झालं ते मच्छरदाण्या, गोळ्या आणि आशाताईंमुळे. मग तू तिकडे अजून त्या जंतूच्या जनुकांत काय शोधतेस?"

त्यानं मनापासून विचारलं होतं, म्हणून मला ते लागलं. मी जर्मनीत हायडलबर्गला मलेरियाच्या परजीवीवर काम करते. आमचे बाबा गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात आरोग्यसेवक होते. लोक त्यांना 'हिवतापवाले' म्हणायचे. घराघरात जाऊन ताप आलेला माणूस शोधायचा, बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, फवारणी झाली की भिंतीवर तारीख घालायची. 'पीएफ' म्हणजे प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम, जीव घेणारा हिवताप. हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले.

भावाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल केला होता. खूप गदारोळ झाला. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी साध्या, सरळ माणसांना तो सवाल रास्त वाटला. संशोधन लोकांच्या कामाचं हवं, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं आहे. फक्त कामाचं काय हे कधी आणि कोण ठरवणार, इथे आमची वाट वेगळी होते.

बाबा काचपट्ट्या ज्या रंगाने रंगवायचे तो जेएसबी. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो १९४४ मध्ये तयार केला. स्वस्त, झटपट, खेड्यातल्या दवाखान्यात सहज वापरता येईल असा. बाबांच्या हातातली सगळ्यात कामाची वस्तू होती ती, आणि ती कुणाच्या तरी प्रयोगशाळेतून आलेली होती.

आता या परजीवीबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. २००२ मध्ये फॅल्सिपेरमचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. चौदा गुणसूत्रं, सुमारे ५,३०० जनुकं. तांबड्या रक्तपेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत त्याला सुमारे ४८ तास लागतात आणि त्या काळात त्याची जनुकं ठरलेल्या क्रमाने चालू-बंद होत जातात. जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात ती हीच. यातली सुमारे ६० जनुकं 'व्हार' नावाच्या कुटुंबातली. ती जे प्रथिन बनवतात ते रक्तपेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि त्याच्या जोरावर ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. चिकटली की पाणथरीतून (प्लीहेतून) जायची वेळ येत नाही, नाहीतर पाणथरी तिला गाळून संपवते. पण आपलं शरीर त्या प्रथिनाला ओळखायला शिकतं. म्हणून परजीवी या साठांपैकी एका वेळी एकच जनुक चालू ठेवतो, बाकीची घट्ट गुंडाळून गप्प ठेवतो. एक ओळखीचं झालं की काही परजीवी दुसरं उघडतात. जनुकं तीच असतात, कुठलं उघडं आणि कुठलं मिटलेलं एवढंच बदलतं. डासाकडे जायचं असेल तर काही परजीवींना नर-मादी रूप घ्यावं लागतं. त्याची किल्ली 'एपी२-जी' नावाच्या एका प्रथिनाकडे आहे, हे २०१४ मध्ये कळलं.

माझ्या भावाला द्यायचं उत्तर मात्र मालीमध्ये आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात कोरड्या ऋतूत कितीतरी महिने डास जवळजवळ नसतात, मलेरियाचे रुग्णही फारसे नसतात. तरी पाऊस आला की ताप परत येतो. मधल्या काळात परजीवी कुठे असतो? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की तो धडधाकट दिसणाऱ्या काही माणसांच्या रक्तात असतो, अगदी कमी संख्येने. या परजीवींमधली जनुकांची चालू-बंद स्थिती पावसाळ्यातल्या तापकरी परजीवींपेक्षा वेगळी असते. त्यांच्या पेशी भिंतीला उशिरा चिकटतात, जास्त वेळ रक्तात फिरत राहतात, त्यामुळे पाणथरी त्यांतल्या पुष्कळ मारते. संख्या वाढत नाही, ताप येत नाही, माणूस दवाखान्यात जात नाही. सहा महिने काढायला परजीवीला एवढं पुरतं.

मलेरिया 'संपत आलेल्या' देशात शेवटी उरतात ते असेच रुग्ण, ज्यांना आपण रुग्ण आहोत हेच माहीत नसतं. ताप आला की तपासायचं, यावर आपली सगळी यंत्रणा उभी आहे. ती तशीच हवी, तिनेच माणसं वाचवली. पण ताप नसलेल्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही. गडचिरोलीत मालीसारखंच घडतं का? ते मालीवरून सांगता येणार नाही. आपल्या जंगलात ओढे आहेत, डासांच्या जाती वेगळ्या, लोकांची प्रतिकारशक्ती वेगळी. ते गडचिरोलीच्या रक्तातच बघावं लागेल.

इथे राहून मला काय मिळतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भारतात असताना एका रसायनासाठी मी चार महिने थांबले होते. इथे ते दोन दिवसांत टेबलावर येतं. जर्मनी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) तीन टक्क्यांहून जास्त पैसा संशोधनावर खर्च करते, आपला आकडा २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होता. पण इकडचं सगळं गोड नाही. इथल्या कायद्याने विद्यापीठातली बहुतेक संशोधक मंडळी मुदतीच्या करारावर असतात, पीएचडीच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर सहा. हाना ही या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधक; २०२१ मध्ये 'मी हाना' म्हणत हजारो तरुण संशोधकांनी त्यावर आवाज उठवला. माझ्या शेजारच्या टेबलावरची अतिशय हुशार मुलगी गेल्या वर्षी संशोधन सोडून गेली. आणि या इमारतीत हिवतापाने थरथरणारं माणूस जवळून पाहिलेले फार थोडे आहेत. प्रश्न कुठला विचारायचा, हे त्या पाहण्यावरही ठरतं.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही असं कुणी म्हटलं की मला गोव्याची आठवण होते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मलेरियाच्या रुग्णांच्या नमुन्यांवर तिथल्या तिथेच उत्तम दर्जाचं संशोधन झालं. पैसा मात्र एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा होता. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत याच परजीवीच्या जनुक-नियंत्रणावर काम चालतं. माणसं आहेत, हात आहेत. राज्याने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या जिल्ह्याबद्दल प्रश्न विचारावा, एवढं मला हवं आहे. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्यात मे महिन्यात रक्त घ्यावं, त्याच माणसांचं पुन्हा ऑगस्टमध्ये घ्यावं, आणि ते नागपूर-पुण्यात वाचावं. त्यासाठी लागणारी मुलं फेलोशिपच्याच रांगेत उभी आहेत.

भावाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मे महिन्यात, ताप नसताना, लोक बोट का टोचू देतील?"

फोन स्पीकरवर होता. मागून बाबांचा आवाज आला, "देतील. माडिया भाषेत नीट समजावून सांगावं लागतं." मग त्यांनी टोल्यांची, म्हणजे पाड्यांची, नावं घ्यायला सुरुवात केली, जिथून दर पावसाळ्यात पीएफची पहिली पट्टी यायची. चार नावं सांगितली. मी ती लिहून घेतली.