माटोळीतला ळ

चवथीला गोव्यातल्या माशेलच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाभाज्यांची चौकट, बांधताना दरवर्षी कशावरून तरी वाद होतो. यंदा तो एका कादंबरीवरून झाला. मला सिंगापूरला परत येऊन तीन आठवडे झाले, तरी तो डोक्यातून जात नाही.

भाच्याने लोइस लॉरी यांची 'द गिव्हर' वाचून घरात सगळ्यांना वाचायला लावली होती. कादंबरी 1993ची. बारा वर्षांचा जोनास राहतो त्या वस्तीत भूक नाही, भांडण नाही. कोणी कुठलं काम करायचं, कोणाशी संसार करायचा, हे वडीलधाऱ्यांची समिती ठरवते. रंग, डोंगर, बर्फ कधीच काढून टाकलेत. त्यांच्या आठवणी एकट्या एका म्हाताऱ्याकडे आहेत आणि आता त्या जोनासने घ्यायच्या आहेत.

भाचा म्हणाला, "यात वाईट काय? काम तरी हमखास मिळतं." शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना जुळ्या बाळांचा प्रसंग सहन झाला नव्हता. जोनासचे वडील दोघांतल्या कमी वजनाच्या बाळाला शांतपणे सुई टोचून मारतात. असलं पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतही पालकांनी हे पुस्तक शाळांतून काढायची मागणी वेळोवेळी केली आहे, आणि त्याच पुस्तकाला 1994 साली न्यूबेरी पदक मिळालं आहे. वयनीच्या मते शेवटी पोरगा बर्फात मरतो. पुढच्या पुस्तकांत तो जिवंत आहे, हे मी सांगितलं. तिने मानलं नाही.

दादा स्टुलावर उभा राहून कवंडळं बांधत होता. खाली न बघताच म्हणाला, "अगे, हे तर तुझंच सिंगापूर."

मला राग आला, अजून आहे. चौदा वर्षं मी इथे राहते. रात्री अकराला मुलगी एकटी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी येते, मी खिडकीत उभी राहत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक जागेत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला गेले तर जागा तशीच असते. फोंड्याहून माशेलला येताना यंदा रस्त्याकडेला कचऱ्याच्या पिशव्या पाहिल्या. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने मला शिस्तीला नावं ठेवायला शिकवू नये. शिस्त म्हणजे जोनासची वस्ती नव्हे. त्या वस्तीत आपण काय गमावलं हे कोणालाच आठवत नाही, आणि माझ्या मते कादंबरीतली खरी भीती तीच आहे. आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, बसणाऱ्या म्हाताऱ्यांना मोडलेला कांपोंग, त्यांचं जुनं गाव, घरागणिक आठवतो. आपण काय दिलं आणि काय घेतलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

हे सगळं मी दादाला तिथल्या तिथे सुनावलं. पण एक गोष्ट बोलले नाही.

16 जानेवारी 1967ला आजोबा आणि आजी एकत्र चालत गोव्याच्या जनमत कौलाच्या मतदानाला गेले. आजोबांनी फुलावर शिक्का मारला, गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून. आजीने दोन पानांवर मारला, गोवा वेगळा राहावा म्हणून, आणि घरी येऊन तांदूळ निवडायला बसली. 34,021 मतांनी पानं जिंकली. तो वाद आमच्या घरात आजोबा जाईपर्यंत चालला. आजोबा जेवताना म्हणायचे, "चुकलात तुम्ही लोक." आजी वाढता वाढता म्हणायची, "चुकलो तर चुकलो." माणसांना निवडू दिलं आणि त्यांनी चुकीचं निवडलं तर, याच धास्तीपायी जोनासच्या वस्तीत निवडच ठेवलेली नाही. आमच्या घरात चुकीची निवड रोज ताटावर बसायची आणि आजीच तिला वाढायची. आम्ही बोलतो कोंकणी, वाचतो-लिहितो मराठी. दोन्हींवर भांडतो, आणि दोन्ही आमच्याच.

मुलीला शाळेत घालताना फॉर्मवर मातृभाषेचा एकच रकाना होता. तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. कोंकणी नाही, मराठी नाही. मी हिंदीवर खूण केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पीएसएलईला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बरं पडेल, एवढा विचार करून मी पेन खाली ठेवलं. इथे मला मत नाही, मी पीआर, म्हणजे नुसती कायम रहिवासी आहे. तिथलं मत मी चौदा वर्षांत एकदाही दिलं नाही. कादंबरीत जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि म्हणतात, नेमका शब्द वापर. त्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं. मुलगी लहानपणी आजीसारखं "आवय" म्हणायची. शाळेत कोणाला कळत नाही म्हणून "मम्मी" म्हणायला मीच शिकवलं.

गेल्या आठवड्यात तिने हिंदीच्या तासाला 'मेरा त्योहार' निबंध लिहिला. कवंडळाचा लालभडक रंग, सुपारीचा घोस, स्टुलावरचा मामा, सगळं होतं त्यात. 'माटोळी' तिने बरोबर लिहिलं होतं. शिक्षिकेने ळ भोवती गोल करून वर ल लिहिला होता. हिंदीच्या वहीत तो ल बरोबरच होता.

पालकांच्या सहीची जागा खाली होती. मुलगी शेजारी उभी राहून विचारत होती, "मम्मी, मग मामाकडे चुकीचं म्हणतात का?"

मी सही केली आणि वही तिच्या हातात दिली. दादाचा फोन दोनदा येऊन गेला होता. तो मी अजून उचललेला नाही.