‘यू लावा आणि विसरा’? झुडूपही जाईल, जीवही धोक्यात येईल

यू (yew) म्हणजे सुईसारख्या पानांचं, कुंपणासाठीही लावलं जाणारं सदाहरित झुडूप. त्याच्याबद्दल एक मजकूर बागकामाच्या गटांमध्ये हातोहात फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: ‘यू लावा आणि विसरा. ऊन, सावली, कितीही पाणी, सगळं सोसतं. वर्षभर केव्हाही, कसंही कापा. लाल फळं बी काढून बिनधास्त खा. आणि कॅन्सरचं औषध याच्यापासूनच बनतं, तेव्हा पाल्याचा काढाही गुणकारी.’ यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यामुळेच बाकीचंही पटून जातं.

आधी पाण्याचं बघू, कारण लावलेली झुडपं बहुतेक वेळा तिथेच जातात. ‘कितीही पाणी सोसतं’ हे साफ चूक आहे. यूला सावली चालते, कात्री चालते, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. घट्ट चिकणमातीत, किंवा छपराची पन्हळ जिथे उतरते त्या कोपऱ्यात मुळं गुदमरतात आणि फायटोफ्थोरासारखी बुरशीसदृश मूळकूज शिरते. सुईसारखी पानं पिवळट पडतात, मग एखादी अख्खी फांदी तपकिरी होते. बघणाऱ्याला वाटतं झुडूप तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. तसं करण्याआधी बुंध्याजवळची माती थोडी उकरा आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगलं मूळ घट्ट लागतं. कुजलेल्याची साल सुटून बोटात येते, मागे नुसता दोरा उरतो.

म्हणून लावण्यापूर्वी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसलं, तर ती जागा यूची नाही. उंचवटा करून लावा, नाहीतर दुसरी जागा शोधा.

पण ‘विसरा’ हेही खरं नाही. पहिली एक-दोन वर्षं मुळं पसरेपर्यंत खोलवर पाणी द्यावंच लागतं. कडक थंडीच्या प्रदेशात जमीन गोठते, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वारा व ऊन मात्र पानांतली ओल शोषत राहतात. वाऱ्याच्या बाजूची पानं करपतात ती यामुळे. जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी दिलं आणि बुंध्याला न टेकवता आच्छादन घातलं, की बरंचसं टळतं.

सावलीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. गडद सावलीत वाढ विरळ होते, एवढंच.

कापण्याबद्दल अर्धं खरं. बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या लाकडापर्यंत कापली की पुन्हा फुटत नाहीत. यू फुटतं, आणि हा त्याचा मोठाच गुण आहे. पण अशी खोल छाटणी वसंताच्या सुरुवातीला, नवी पालवी येण्याआधी करायची. थंडीच्या तोंडावर केली तर उशिरा आलेली कोवळी फूट गारठ्याने जळते. मुळं कुजत असलेल्या झुडपावर तर ती करूच नका, फुटायला त्याच्याकडे बळ नसतं. कुंपण कापताना तळ वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांनाही उजेड मिळतो.

आता औषध. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरवरचं औषध पॅसिफिक यूच्या (यूची एक अमेरिकी जात) सालीत सापडलं, हे खरं. त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1992 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. तोंडावाटे ते फारसं शोषलंच जात नाही. पाल्यात जे भरपूर असतं ते टॅक्सिन नावाचं विष, आणि ते पोटातून शोषलं जातं व थेट हृदयाची लय बिघडवतं. यूचा काढा म्हणजे विषाचा काढा. कृपा करून हा सल्ला कुणालाही पुढे पाठवू नका.

फळाचंही तसंच. लाल गर विषारी नाही, पण त्यातलं बी विषारी आहे, पानं, साल, लाकूडही. बी चावलं गेलं की विष सुटतं, आणि लहान मूल ते थुंकेल याची खात्री कोण देणार? फळं फक्त मादी झुडपावर येतात, त्यामुळे घरात मुलं असतील तर रोपवाटिकेत नर झुडूप मागून घ्या. पानांचा धोका मात्र त्यानेही जात नाही. छाटलेला पाला वाळला तरी विषारीच राहतो. तो कुंपणापलीकडे टाकला आणि गाईने किंवा घोड्याने खाल्ला, तर कधीकधी आधी काही लक्षण न दिसताच जनावर कोसळतं.

या विषावर खास उतारा नाही. कुणी पानं किंवा बी चावल्याचा नुसता संशय आला तरी उलटी किंवा चक्कर येण्याची वाट बघू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा आणि झुडपाची एक काडी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लंय ते लगेच कळेल.