शांत आई आणि सात-पन्नासची व्हॅन

मुलावर ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, चॉकलेटची लाच नाही, बागुलबुवाची भीती नाही. एवढं सगळं एकदा मनाशी ठरवलं की आईच्या हातात उरतं काय? गोड आवाज आणि भरपूर वेळ. आवाज मी कमावला आहे. सकाळच्या बातम्या द्यायला मला आकाशवाणीवर उद्या उभं केलं तरी चालेल. वेळेचं मात्र काही जमत नाही, कारण आम्ही डोंबिवलीत राहतो.

रात्री पोर झोपलं की मी जेंटल पॅरेंटिंगचे व्हिडिओ बघते. त्यातली आई मुलासमोर गुडघ्यावर बसते आणि विचारते, ‘‘तुला राग आलाय, हो ना?’’ मूल मान हलवतं, दोन टिपं गाळतं आणि मिठी मारतं. मी नीट निरखून पाहिलंय, त्या घरात भिंतीवर घड्याळ नसतं. कुकर नसतो, कचरेवाला बेल मारत नाही आणि कुणाचीही आठ-सतराची लोकल नसते.

आमच्याकडे सात-पन्नासला शाळेची व्हॅन येते. चिरंजीव वय वर्षे चार. सात-बेचाळीसला ते सोफ्यावर आडवे होऊन जाहीर करतात, ‘‘मोजा टोचतोय.’’

मोज्याला पुढे बोटांपाशी एक बारीक शिवण असते. तुमच्या-माझ्या जन्मात ती कधी जाणवलेली नसते. ती करंगळीच्या किंचित अलीकडे हवी. पलीकडे सरकली की घरात प्रलय. तर मी गुडघ्यावर बसते, डोळ्यांत बघते.

‘‘तुला शिवण टोचतेय. मला कळतंय.’’

‘‘मग काढ.’’

‘‘मोजा काढू?’’

‘‘नाही. शिवण काढ.’’

अशा वेळी मुलाला दोन पर्याय द्यावेत म्हणतात, म्हणजे निर्णय आपणच घेतला असं त्याला वाटतं. ‘‘हे मोजे उलटे करून घालू या, की निळे घालू या?’’ चिरंजीव विचारात पडतात. पोर स्वतःच्या डोक्याने विचार करतंय याचं कौतुकही वाटतं आणि घामही फुटतो. मग निर्णय येतो, ‘‘बाबाचे.’’

खाली हॉर्न वाजतो.

आता तुम्हाला वाटेल, इथे सासूबाई येऊन म्हणत असतील, ‘‘एक धपाटा घाल नि मोकळी हो.’’ तशा म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. आमच्या आई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. मी ज्याला जेंटल पॅरेंटिंग म्हणते ते त्यांना अमेरिकेतून आलंय असं वाटतच नाही. मुलांना मारू नका, धाक घालू नका, बक्षिसाचं आमिष दाखवू नका, हे गिजुभाई बधेका नि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी कधीच सांगून ठेवलंय. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, मग कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलं गुरांमागे जायची म्हणून कुरणातसुद्धा शाळा भरवली. मी मोज्याशी झटत असताना आई डब्याला रबर लावत हे सगळं सांगतात. मूल येत नसेल तर शाळा त्याच्याकडे न्यावी! केवढं थोर. व्हॅनवाल्या काकांना एकदा हे सांगून बघायला हवं.

नवऱ्याचा आधार शास्त्राचा. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते, त्यामुळे पोराकडून आत्ताच अपेक्षा ठेवू नये, असं तो मला समजावतो. त्यानंतर दहा मिनिटांनी पार्किंगमध्ये त्याच्या जागेवर कुणाची तरी स्कूटर दिसते आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर ऐकतो. तो अडतीस वर्षांचा आहे.

घरात निदान एकमत तरी असतं. बाहेर अख्खं गाव आपल्या पोराला वाढवायला टपलेलं असतं. स्टेशनबाहेर भाजी घेताना चिरंजीवांनी एकदा रस्त्यातच लोळण घेतली, कारण मटाराची शेंग मी सोलली होती आणि ती त्यांना सोलायची होती. ती सोललेली शेंग पुन्हा बंद करून हवी होती. मी खाली बसून ‘‘तुला वाईट वाटलंय’’ सुरू केलं. एक आजोबा थांबून म्हणाले, ‘‘लाडावलाय.’’ एक बाई म्हणाल्या, ‘‘भूक लागली असेल.’’ भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर बांधता बांधता नुसतं म्हटलं, ‘‘तो बघ पोलीस आला.’’ पोर ताडकन उभं. इतक्या महिन्यांच्या माझ्या तपश्चर्येवर मावशींनी दहाच्या जुडीबरोबर पाणी ओतलं. घरी येईपर्यंत मी पढवत राहिले की पोलीस आपले मित्र असतात, भ्यायचं नसतं. ते मात्र त्याला पटकन पटलं. दुसऱ्या सकाळी मोज्याची तक्रार त्याला थेट पोलिसांकडेच न्यायची होती.

कायदाही मुलांच्याच बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा नको आणि मानसिक त्रासही नको. फार चांगलं कलम आहे, मी पूर्ण पाठीशी आहे. पालकांच्या मानसिक त्रासाचं कलम कुठे सापडलं तर मला कळवा.

तर मोजे. बहुतेक दिवशी मी ते त्याच्या दप्तरात कोंबते, अनवाणी पोर कडेवर घेऊन जिने उतरते आणि काकांच्या हवाली करते. पण संध्याकाळी परत येतं तेव्हा दोन्ही पायांत मोजे, तेही सुलटे! शेवटी एकदा मी काकांना विचारलंच, ‘‘काका, मोजे कोण घालतं याला?’’

‘‘कोण घालणार? त्याचा तोच घालतो,’’ काका म्हणाले. ‘‘मी सांगून ठेवलंय, मोजे असतील त्याला खिडकी. नसतील तो मध्ये.’’

‘‘आणि टोचत नाहीत?’’

‘‘टोचतात की. खिडकीशी बसून टोचतात.’’

आता ही लाच झाली, धाक झाला की पर्याय दिला, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. नवरा म्हणतो लाच. आई म्हणतात, काकांना महिन्याला शंभर रुपये वाढवून द्या आणि आंघोळीचंही विचारून बघा.