‘तव सुख’ नव्हे हो, तौ सूग!

भाची सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने कार्डशीटवर मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘फिलिपिन्सच्या सुलू बेटांवर तौसुग लोक राहतात. हे मूळचे भारतीय. तौसुग म्हणजे संस्कृत तव सुख.’ कुठून आणलंस विचारलं, तर म्हणाली, “आजोबांनी ग्रुपवर टाकलंय.” आजोबा म्हणजे आमचे बाबा. त्यांना ते एका निवृत्त मित्राकडून आलेलं, खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’सकट.

तव सुख. म्हणजे ‘तुझं सुख’. कुठले लोक स्वतःला ‘तुझं सुख’ म्हणवून घेतील, हा प्रश्न वाटेतल्या कुणालाच पडू नये?

‘तौ’ म्हणजे माणूस. मनिलाकडच्या तागालोग भाषेत हाच शब्द ‘ताओ’ असा आहे. ‘सूग’ म्हणजे समुद्रातला प्रवाह. प्रवाहावरची माणसं, बस्स. हा ‘सूग’ कसा झाला तेही सांगतो, कारण मला ते फार आवडतं. तौसुग भाषेत दोन उकारांमधला ‘ल’ गळतो आणि उकार लांबतो. सेबू बेटाकडे डोक्याला ‘उलो’ म्हणतात, इथे नुसतं ‘ऊ’. तिकडे तीन म्हणजे ‘तुलो’, इथे ‘तू’. तिकडे प्रवाह म्हणजे ‘सुलोग’, इथे ‘सूग’. शेजाऱ्यांनी मात्र तो ‘ल’ सोडला नाही. म्हणून मलेशियातल्या साबामध्ये याच लोकांना आजही ‘सुलुक’ म्हणतात आणि नकाशावर ‘सुलू’ छापलेलं असतं. यात तुमचं सुख कुठे बसवता, बसवा.

मेसेजमधला पुढचा ‘पुरावा’ : दोनला ‘दुवा’ म्हणतात, म्हणजे द्वि! बरं, मग थांबलात का? मोजा की पुढे. तू, उपत, लिमा, उनुम, पितु, वालु, सियाम. यातला कुठला संस्कृत वाटतो? दोनला हवाईत ‘लुआ’ आहे, मादागास्करात ‘रुआ’. हे सगळं ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या भाषांच्या गोतावळ्यातलं, ‘द्वि’शी असलेलं साम्य निव्वळ योगायोग. ‘लिमा’ म्हणजे पाच आणि ‘लिमा’ म्हणजेच हात, हवाईतही तसंच. पाच बोटांचा हिशेब त्यांनी स्वतःच्या हातावर केला, आपल्याकडून उसना नाही घेतला.

आता कडू घोट. संस्कृत शब्द तौसुगमध्ये आहेत, आणि चांगले ठसठशीत आहेत. पाप म्हणजे ‘दुसा’, आपला दोष. धर्म म्हणजे ‘आगामा’. लोकसमाज म्हणजे ‘बांसा’, वंशावरून. शिक्षक ‘गुरु’. रमजानचा रोजा म्हणजे चक्क ‘पुआसा’, उपवास! हे वाचून बाबांच्या मित्राला भरून आलं असेल तर समजू शकतो, मलाही गंमत वाटली. पण हे शब्द मलय भाषेच्या मध्यस्थीने, व्यापाराच्या वाटेने आले. आपण पाव, बटाटा, चावी पोर्तुगीजांकडून घेतली. त्यावरून मराठी ही पोर्तुगीजची लेक ठरते का?

नातं बघायचं तर केंप पॅलेसन या भाषाशास्त्रज्ञाने 1985 साली नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की तौसुगची जवळची भावंडं फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटाच्या ईशान्येला, बुतुआन-सुरिगाव भागातली, सेबूकडची भाषा ज्यात येते त्या बिसाया शाखेतली. तिथून ही भाषा सुलूत आली आणि तिथल्या सामा लोकांच्या शेजारात वाढली. म्हणजे ‘मूळचे’ शोधायला गंगेकाठी जायची गरज नाही.

लिपीचा मुद्दा दोन ओळींत. ‘देवनागरीसारखी लिपी’ म्हणे. तौसुग परंपरेने जावी, म्हणजे अरबीवरून बेतलेल्या लिपीत लिहिली जाई, आता रोमन. ‘पांगालाय’ या नाचाच्या नावात ‘आलय’ दिसलं म्हणून त्याचा अर्थ ‘नृत्यमंदिर’, हेही खूप फिरतं. ‘पांग-’ आणि ‘मांग-’ हे त्या भाषेतले रोजचे उपसर्ग आहेत. नाच तो पांगालाय, नाचणं ते मांगालाय. देऊळबिऊळ काही नाही.

खरा संताप मेसेजच्या शेवटच्या ओळीचा. ‘तलवारीच्या धाकाने धर्म बदलला आणि संस्कृती विसरले.’ हे मुलांच्या चार्टवर? सुलूतल्या होलो शहराजवळच्या बुद दातो टेकडीवर तुआन मकबालू या मुसलमानाचं थडगं आहे, त्यावर हिजरी 710 म्हणजे इसवी सन 1310 कोरलंय. पहिला सुलतान, शरीफ उल-हाशिम, तर परंपरेनुसार इथल्या राजा बगिंदाच्या मुलीशी, परमिसुलीशी, लग्न करून गादीवर आला. व्यापारी आले, धर्मोपदेशक आले, सोयरिकी झाल्या. बाहेरून तलवार आणि तोफ घेऊन आले ते स्पॅनिश : 1578 पासून हल्ले, आणि होलो काबीज करायला 1876 उजाडलं. नंतर अमेरिकन. 1906 मध्ये बुद दाहो डोंगराच्या विवरात त्यांनी शेकडो तौसुग मारले, बायका-मुलांसकट. ज्यांच्यावर तलवार चालली, त्यांनाच ‘तलवारीला घाबरून बदलले’ म्हणायचं, तेही ‘अभिमानाने शेअर करा’ म्हणत!

भाचीने ‘तव सुख’वर पांढरी पट्टी चिकटवून ‘प्रवाहावरची माणसं’ असं लिहिलंय. ग्रुपवर दुरुस्ती टाकायला बाबा तयार नाहीत, मित्राला वाईट वाटेल म्हणतात. म्हणून ही मीच टाकतोय.