‘तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ या मेसेजला उत्तर

“घरच्या कॉम्प्युटरच्या वाटेला हॅकर जात नाहीत. तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? अँटिव्हायरस टाका, वायफायला पासवर्ड ठेवा, ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की निर्धास्त राहा. बाकी भीती सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी पसरवलेली आहे.” हा मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुळात घर कोणी निवडतच नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, असे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कॉम्प्युटरवरून ते सगळे पाऊण तासात चाचपता येतात हे दाखवून दिलं. दार ठोठावणारा हा प्रोग्राम असतो. आत कोण राहतं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. आणि चोरण्यासारखं काही नसलं तरी वापरण्यासारखं तुमचं कनेक्शन असतंच. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामनं राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले ते कंपनीनं घालून दिलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या आलटून पालटून वापरून. २१ ऑक्टोबरला त्याच उपकरणांच्या फौजेनं वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना तासन्‌तास मिळेनात. ज्यांची उपकरणं या हल्ल्यात राबत होती, त्या बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता.

अँटिव्हायरस हवाच, पण तो कॉम्प्युटरच्या आत बसलेला असतो. राउटरमध्ये कोणी डीएनएसची, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची, सेटिंग बदलली, तर तुम्ही बरोबर पत्ता टाइप करूनही भलत्याच ठिकाणी पोचू शकता, आणि कॉम्प्युटर ‘स्वच्छ’ दिसतो. ही कल्पनेतली भीती नाही. ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रामनं सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांच्या सेटिंग अशाच फिरवल्या होत्या, काही घरांत थेट राउटरच्याही.

अपडेटबद्दल तर मेसेजमध्ये एक शब्द नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. १२ मे २०१७ला पसरलेल्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ला कोणाच्या क्लिकची गरज नव्हती, विंडोजमधल्या एका उघड्या भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबताना हे दोन महिने आठवावेत.

कुलपाचं म्हणाल तर ते फक्त वाट सुरक्षित असल्याचं सांगतं, पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याचं नाही. ते कुलूप दिसायला वेबसाइटला लागणारी प्रमाणपत्रं फुकट मिळतात, ठगांनाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून २०२३मध्ये क्रोमनं पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं.

शेवटचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे: भीती दाखवून माल खपवणारे आहेत. पण इथे जे करायचं त्याला पैसे पडत नाहीत. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. तिथे जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला (वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा), फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बाहेरून राउटर चालवण्याची सोय आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा छोटा पिन टाकून वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. फर्मवेअरचा शेवटचा अपडेट काही वर्षांपूर्वीचा असेल आणि कंपनीनं तो राउटर वाऱ्यावर सोडला असेल, तर तो बदलावा लागेल. या एकाच बाबतीत खिशात हात घालावा लागेल.