बूट बाळाचे, पसंती गावाची

मूल घरात पहिली चार पावलं टाकतं त्या दिवशी दोन कामं तातडीने करायची असतात. व्हिडिओ काढून सगळ्या फॅमिली ग्रुपवर टाकणे आणि बूट आणणे. आता मूल अनवाणी छान चालतंय, बोटांनी फरशी धरतंय, पडतंय, उठतंय, हे सगळं खरं. चालायला शिकताना घरात अनवाणी पायच उत्तम, असं डॉक्टरही सांगतात. पण डॉक्टरांना काय, त्यांना तुमच्या सोसायटीत राहायचं नाहीये. शेजारचं मूल सहाव्या महिन्यापासून बुटात आहे. मांडीवरून खाली उतरत नव्हतं तेव्हापासून.

खरेदीला जाताना मुलाला घरी ठेवा. दुकानात ते रडणार, पाय आखडणार, शेजारच्या गिऱ्हाइकाची पर्स ओढणार. त्यापेक्षा अंगठा आणि तर्जनी ताणून दुकानदाराला ‘एवढासा आहे बघा पाय’ म्हणून दाखवावं. रस्त्याने येताना बोटं थोडी मिटली असतील तर अंदाजाने उघडावीत. ऑनलाइन घ्यायचे असतील तर काम आणखी सोपं. तिथे ‘१८ ते २४ महिने’ असं लिहिलेलंच असतं. एका वयाच्या सगळ्या मुलांचे पाय एकाच मापाचे असतात, हे पाय सोडून सर्वांना माहीत आहे.

काही हौशी आईबाप कागदावर मुलाला उभं करून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत माप घेतात. बसवून नाही, उभं करूनच, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मग दोन पावलांत फरक निघतो, मोठ्या पावलाचं माप धरावं लागतं, आणि एखाद्या पोराचं अंगठ्याशेजारचंच बोट लांब निघतं. इतक्या खोलात लोक मुलगी बघायला जातानाही शिरत नाहीत.

नंबरांच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. ब्रिटिश नंबर चार इंचांवर शून्य धरून सुरू होतो आणि दर नंबराला इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे साडेआठेक मिलिमीटरने वाढतो. हे अंतर मुळात जवाच्या एका दाण्याच्या लांबीवरून आलं. युरोपचा नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने सरकतो, त्यामुळे एकाच बुटाच्या तळाला ५ आणि २२ असे दोन आकडे सुखाने नांदतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखभर भारतीयांची पावलं मोजून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली आहे. आपली पावलं युरोपीय पावलांपेक्षा रुंद असतात, असं त्यांना आढळलं. लग्नाच्या वरातीत नवे बूट घालून चाललेल्या कुठल्याही नवरदेवाने हे त्यांना फुकटात सांगितलं असतं.

आता मुख्य मुद्दा. दुकानात शिरताच एकच वाक्य म्हणायचं: “दोन नंबर मोठेच द्या, वाढतं अंग आहे.” यामागे पक्का हिशेब आहे. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. म्हणजे आज घेतलेला बूट वर्षभराने अगदी मापात येणार. तोवर पुढे कापूस कोंबा आणि जाड मोजे चढवा. मूल पाय ओढत चालेल, आपल्याच बुटाला अडखळून तोंडावर आपटेल. तेव्हा ‘आमचा जरा उशिराच चालायला लागला’ असं पाहुण्यांना सांगून टाका. वर्षभरात सोल गुळगुळीत होईल, वेल्क्रोत गालिचाचे केस अडकून ते चिकटेनासं होईल, अंगठ्याजवळ भोक पडेल. नेमका त्याच आठवड्यात बूट मापाचा होईल. तो आठवडा साजरा करा.

बुटात पुढे सेंटिमीटरभर जागा ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासत जा, असं जाणकार सांगतात. दर दोन-तीन महिन्यांनी! त्यांना बुटांच्या किमती कुणी दाखवल्या नसाव्यात.

दुसरा संप्रदाय घट्टवाल्यांचा. ‘चामडं आहे ताई, वापरून सैल होईल,’ हा त्यांचा मंत्र. इथे मूल बरोबर असलं तर उलट गंमत येते. दुकानदार बुटाचं नाक अंगठ्याने दाबतो. दाबताक्षणी मूल आतल्या आत बोटं मुडपून घेतं. अंगठा रिकाम्या जागेत रुततो आणि दुकानदार विजयी मुद्रेने म्हणतो, “बघा, केवढी जागा आहे!” तुम्हीही दाबून बघा, मूल पुन्हा बोटं मुडपेल. मग आजोबा दाबतील. बुटातली आतली पट्टी बाहेर काढून तिच्यावर मुलाला उभं केलं तर पुढे किती जागा उरते ते लख्ख दिसतं, पण त्यात अंगठ्याला काही काम राहत नाही. शिवाय या वयात पावलाची हाडं बरीचशी मऊ कूर्चेची असतात आणि भोवती चरबीची गादी, त्यामुळे बूट आवळला तरी पोर फारसं कळवळत नाही. बोलता तर येतच नाही. असं गिऱ्हाईक दुकानदाराला नवसाने मिळत नाही.

एवढ्यात आजी मुलाचा तळवा उलटा करून बघतात आणि निदान करतात: “पाय सपाट आहेत. कमानीचे बूट घ्या.” ताबडतोब घ्या. या वयात बहुतेक सगळ्यांचेच तळवे चरबीमुळे सपाट दिसतात आणि कमान पुढे काही वर्षांत आपोआप आकाराला येते, असला वाद घरात घालू नये. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांची पाहणी प्रसिद्ध केली. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी वाढलेल्यांत २.८. त्यातही बंद बूटवाल्यांचं प्रमाण जास्त, चपला-सँडलवाल्यांचं कमी. अभ्यास चांगलाच असणार, पण २३०० मुलं तपासताना एकाही आजीला विचारलेलं दिसत नाही.

सोलचं थोडक्यात सांगतो. चांगला बूट बोटांच्या मुळाशी सहज वाकतो म्हणे. तुम्ही न वाकणाराच घ्या. टेबलावर आपटून खण्णकन आवाज आला की तो भक्कम.

आवाजावरून आठवलं, पीं-पीं बुटांना पर्याय नाही. मूल कुठे आहे ते तुम्हाला कळतं, खालच्या मजल्यावरच्या काकांनाही कळतं, आणि कार्यालयात मंगलाष्टकांच्या वेळी भटजींनाही. शिट्टी टाचेत असते हे पोराला दोन दिवसांत उमगतं आणि मग ते चालणं सोडून टाच आपटायला लागतं. याला कदमताल म्हणून व्हिडिओत खपवता येतं. दिवे लागणारे बूट शांत असतात, म्हणून जरा खालच्या दर्जाचे. त्यातही एका पायाचा दिवा आधी जातो, आणि नेमक्या त्याच पायासाठी मूल रात्री साडेदहाला गळा काढतं.

एवढं सगळं करूनही पोर बूट घालायचं नाव काढत नाही. वाढदिवसाला घातले, केक कापेपर्यंत एक सोफ्याखाली गेला. लग्नात घातले, आजोबांच्या खांद्यावर बसून सगळं लग्न पार पडलं. पुढच्या खेपेला काढून बघावेत तर टाच आत जात नाही. हरकत नाही. खोक्यात घालून धाकट्या जावेकडे पाठवून द्या आणि फोनवर सांगा, “अगं, नवेच आहेत, दोनदाच घातलेत.” हे अक्षरशः खरं आहे. ती विचारेल, “माप काय गं?” सांगून टाका, “थोडे मोठे होतील तुझ्या बाळाला, पण घे, वाढतं अंग आहे.”