आभाळातून पडलं, पण कुणाच्या अंगणात?

अमेरिकेत येऊन ट्रेकिंग, गराज सेल आणि मागच्या अंगणातली मेथी हे सगळे छंद करून झाले असतील, तर आता अशनी, म्हणजे आभाळातून पडलेले दगड, गोळा करायला लागा. खर्च नाही. एक काठी, तिच्या टोकाला लोहचुंबक, डोक्याला टोपी आणि नेवाडातलं एखादं आटलेलं तळं. पांढुरक्या मातीवर जळकट कवचाचा काळा दगड दिसला की चुंबक लावा. चिकटला तरी नाचू नका, कुठल्यातरी लोखंडाच्या भट्टीतली मळीही चिकटते. खरं तर ती मळीच असू दे, असा देवाला नवस बोला. खरा अशनी निघाला की कटकट सुरू.

आकाशात असेपर्यंत ती उल्का. खाली आली की अशनी. केंद्र सरकारच्या जमिनीवर आली की सरकारी मालमत्ता. त्या बिचारीने साडेचार अब्ज वर्षं कुणाची परवानगी घेतली नाही, ती कसर आता तुमच्याकडून भरून काढली जाते.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने २०१२ च्या सप्टेंबरात याचे नियम सांगितले. माणशी वर्षाला १० पौंड, म्हणजे साडेचार किलो, फुकट न्या. पण जमिनीवर उघडं पडलेलंच. मेटल डिटेक्टर चालेल, खणणं चालणार नाही. म्हणजे वीतभर खाली काहीतरी आहे हे यंत्र ओरडून सांगेल. तुम्ही नमस्कार करून पुढे चालू लागायचं. नेलेलं घरीच ठेवायचं, विकायचं नाही. विकायचं असेल तर वेगळा परवाना, संशोधन करायचं असेल तर त्याहून वेगळा. नॅशनल पार्कात मात्र हातच लावू नका, तिथे साधा खडाही उचलायला बंदी आहे. सीमारेषा वाळूवर आखलेली नसते, तेव्हा नकाशा घेऊन जा. दगड कमी शोधा, हद्द जास्त शोधा.

लाकूड आवडत असेल तर मजा आहे. दगड झालेलं जुनं लाकूड याच खात्याच्या जमिनीवरून वर्षाला २५० पौंड नेता येतं. आणि सोनं सापडलं तर तुम्ही जिंकलात! १८७२ चा खाणकायदा अजून जिवंत आहे. दावा ठोका, खणा, केंद्राला रॉयल्टीचा एक पैसाही देऊ नका.

हे पाहून कॅलिफोर्नियाच्या ओल्ड वुमन डोंगरात दोघातिघांनी शक्कल लढवली. हरवलेली स्पॅनिश सोन्याची खाण शोधताना १९७० च्या दशकात त्यांना ६,०७० पौंडांचा लोखंडी अशनी सापडला. त्यांनी खाणकायद्याखाली हक्क सांगितला. सरकारने सांगितलं, हे खनिज नव्हे, १९०६ च्या पुरावस्तू कायद्यात बसणारी वस्तू आहे. चुकीचं तरी कसं म्हणणार? इतकी पुरातन वस्तू आजवर त्या कायद्याच्या हाती लागली नसेल. १९७७ मध्ये मरीन सैनिकांच्या हेलिकॉप्टरने तो धोंडा उचलला, खटला चालला, शोधणाऱ्यांच्या हाती वाळू उरली. आजच्या नियमाने एकट्याने न्यायचा तर ६०७ वर्षं लागली असती, आणि तीही फोडायची परवानगी मिळाली तर.

सरकारी जमीन नको, खासगी बरी, असं वाटतंय? ओरेगॉनच्या एलिस ह्यूजनाही १९०२ मध्ये असंच वाटलं. शेजारच्या कंपनीच्या जमिनीवर साडेपंधरा टनांचा अशनी पाहून त्यांनी तो तीन महिने खपून पाऊण मैल ओढत स्वतःच्या अंगणात आणला, भोवती झोपडी उभारली आणि २५ सेंट तिकीट लावलं. इतकी चिकाटी मला स्वतःच्या गादीखालची धूळ काढायलाही जमलेली नाही. कंपनीने दावा लावला. १९०५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: अशनी ज्याच्या जमिनीवर सापडला, त्याचा. ओढण्याची मजुरी ह्यूजची, दगड कंपनीचा. तो आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. ओरेगॉनच्या मूळ रहिवासी क्लॅकामस लोकांसाठी तो कंपनीच्याही आधीपासून पवित्र होता. त्यांचं नाव तिकिटावर कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा, जाताना आठवणीने वजनकाटा न्या. साडेचार किलो भरले की थांबा. पुढचा दगड दिसला तर डोळे मिटा आणि ३१ डिसेंबरची वाट बघा.